लेथची थंडी

निफाडचा पारा उतरल्याची बातमी पेपरात पहिल्या पानावर आली की आमच्या सिडकोतल्या गल्लीत दुपारच्या उन्हाला खुर्च्या बाहेर येतात. यंदाही आल्या. शेजारच्या शिंदेबाई मटार सोलत बसतात, समोरचे आजोबा पेपर वाचता वाचता डुलक्या काढतात, आणि कोणी ना कोणी मला हाक मारतं, या ना, बसा जरा उन्हाला. मी काहीतरी निमित्त काढते. आमच्या रो-हाउसला खाली शटरचं पार्किंग आहे. जेवणं आटोपायच्या सुमाराला तिथे तिरपं ऊन शिरतं आणि मागच्या भिंतीपर्यंत जातं. गल्लीतलं सगळ्यात चांगलं ऊन ते. पण एका थंडीत त्या उन्हात मी इतकी सुखी होते की आता तिथे बसले तर चिडचीड होते. सुखाची आठवण गोड असते म्हणतात. ज्यांना गोड लागली असेल त्यांना लागली असेल.

त्या थंडीत तिथे एक लेथ उभं होतं.

लेथ कसं असतं ते मी लग्नानंतर तीस-एक वर्षं पाहिलं नव्हतं. मला माहीत होता तो त्याचा कचरा. माझे यजमान मधुकर सातपूरच्या एका कंपनीत टर्नर होते. फिरत्या लोखंडाला टूल लावून हवा तो आकार द्यायचा, असं काम, एवढं मला लग्न ठरताना सांगितलं गेलं. त्यांच्या निळ्या युनिफॉर्मच्या बाह्यांच्या शिवणीत लोखंडाचा बारीक कीस अडकलेला असे. धुताना तो माझ्या बोटांत शिरे. मग दिव्याखाली बसून सुईने काढायचा. कधी कुरळा, केसासारखा, निळसर जांभळा झालेला. कधी नुसती भुकटी. कामाबद्दल ते घरी बोलत नसत. कोणाशी वाजलं, कोणतं काम साधलं, कशाने कंटाळले, काही नाही. आले, हातपाय धुतले, जेवले. पण कीस पाहून मला अंदाज यायचा. कुरळा आणि लांब निघाला की दिवस बरा गेला असं मी धरून चाले. ते बरोबर होतं की नाही, कधी विचारलं नाही.

मग कंपनीने कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी आणल्या आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यातली इच्छा कंपनीची होती. हे घरी बसले. टीव्हीसमोर बसून ते बातम्या लावत आणि आवाज बंद करत. मुलगी वैशाली पुण्याला नोकरीला. घरात आम्ही दोघं आणि तो मुका टीव्ही.

दिवाळीनंतर, पहिली थंडी पडली त्या आठवड्यात, एक टेम्पो आमच्या दाराशी लागला. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात ह्यांना एक जुनं लेथ दिसलं होतं. कोणाचा तरी छोटा कारखाना बंद पडला, मशिनी वजनावर गेल्या, त्यातलंच हे. मला विचारलं नव्हतं. चार माणसांनी साखळी लावून ते उतरवलं तेव्हा सगळी गल्ली बघायला आली होती. गंजाने तांबडं झालेलं, वर कोंबड्यांची विष्ठा वाळलेली, एक हँडल तुटलेलं. शिंदेबाई हळूच म्हणाल्या, हे हो कशाला? मी म्हटलं, त्यांना आवड आहे. आवड आहे की नाही, मला तरी कुठे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमधून ठोकाठोकीचा आवाज आला. चहा घेऊन गेले तर हे जुनी चादर अंथरून तिच्यावर एकेक भाग काढून मांडत होते. नट-बोल्ट एकीकडे, गिअर एकीकडे, जे ज्याच्याशेजारचं ते त्याच्याशेजारी. बाप्पाच्या पूजेची मांडणीसुद्धा त्यांनी इतक्या जपून कधी केली नव्हती. मी कप ठेवला आणि तिथेच उभी राहिले. ते वर न बघता म्हणाले, “ती परात दे जरा.” मी परात आणली. त्यात त्यांनी डिझेल ओतलं आणि गिअर बुडवले. मग एक जुना टूथब्रश माझ्याकडे दिला.

असं ते सुरू झालं. त्या दोन महिन्यांत माझ्या हाताला डिझेलचा वास होता. पोळ्या करताना साबणाने तीन वेळा हात धुवायची, तरी पिठाला वास लागेल म्हणून धास्ती. गंजाखालून लोखंड निघतं तेव्हा ते आधी काळं दिसतं, मग करडं, आणि एमरी पेपर फिरत राहिला की एकदम त्यात आपली सावली दिसते. रंगाचे थर निघायचे. वर पोपटी, त्याखाली निळा, सगळ्यात खाली राखाडी. प्रत्येक मालकाने आपला रंग लावलेला. मी ब्लेडने रंग खरवडत असायची आणि हे बोलत असायचे.

हो, हे बोलायला लागले. लग्नाच्या इतक्या वर्षांनी. आधी फक्त मशीनचं. हे बटाल्याचं आहे, पंजाबातलं, जुनं ओतीव काम, आता असं बीडाचं लोखंड येत नाही. मग हळूहळू बाकीचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी चकमध्ये, म्हणजे लोखंड घट्ट धरणाऱ्या पकडीत, किल्ली विसरली आणि मशीन चालू केली, ती किल्ली कानाशेजारून गेली. रात्रपाळीला कारखान्यात मांजर यायचं आणि मशीनवरून उतरलेल्या गरम लोखंडाशेजारी झोपायचं. शेजारच्या मशीनवरचा एक माणूस काम करताना सतत गुणगुणायचा, तो गेला तेव्हा सगळ्यांना शांततेचा त्रास झाला. मी ऐकत असे. एवढं सगळं ह्या माणसाच्या पोटात होतं आणि मी त्याच्या बाह्यांमधून कीस काढत बसले होते.

दुपारी ऊन मागच्या भिंतीला लागलं की आम्ही डबे उलटे टाकून त्यांवर बसायचो, पेरू खायचो. तेलाने काळ्या झालेल्या बोटांनी ते फोडी करत. त्या थंडीत मी वैशालीला फोनवर म्हणाले होते, तुझे बाबा बरे आहेत गं. ती म्हणाली, आई, तुझा आवाज वेगळा येतोय.

ह्यांचा हात कापायला त्याच सुमाराला लागला होता. उजवा. बशीत चहा ओतताना बशी कपाला लागून वाजायची. आधी मला वाटलं, थंडी. नंतर एकदा कॉलेज रोडच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी कंपवाताची सुरुवात सांगितली, गोळ्या दिल्या. रिक्षात हे म्हणाले, कोणाला बोलू नको. वैशालीलाही नाही. मी नाही बोलले. मशीनचं काम तर चालूच होतं, आणि गंमत अशी की जड वस्तू हातात असली की त्यांचा हात स्थिर राहायचा. वजनाखाली कंप दबून जाई. पाना, हातोडा, गिअर, काही अडत नव्हतं. अडलं ते स्क्रॅपिंगला.

स्क्रॅपिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. लेथचा जो लांब पाया असतो, त्याला बेड म्हणतात. त्याच्यावरून टूल घेऊन पुढे-मागे सरकते ती सॅडल. आमच्या लेथची सॅडल खालून झिजून वाकडीतिकडी झाली होती, त्यामुळे टूल सरळ चालणं शक्य नव्हतं. ती हाताने घासून बेडशी जुळवायची. बेडवर निळा रंग अगदी पातळ चोळायचा, त्यावर सॅडल ठेवून थोडी सरकवायची, मग उचलून उलटी करायची. जिथे उंचवटा तिथे निळा डाग लागतो. तेवढाच डाग स्क्रॅपरने खरवडायचा. स्क्रॅपर म्हणजे जुन्या कानशीचं टोक घासून केलेलं हत्यार. मग पुन्हा निळं, पुन्हा सॅडल, पुन्हा उलटी. सुरुवातीला दोन-चार मोठे डाग येतात. काम जसं होत जाईल तसे डाग फुटतात, लहान होतात, पसरतात. शेवटी सगळीभर सारखे बारीक ठिपके आले की दोन्ही लोखंडं एकमेकांवर नीट बसली.

स्क्रॅपर हलका असतो. ह्यांनी तो हातात धरला, डागावर टेकवला, आणि तो डाग सोडून शेजारी ओरखडा गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लोखंडात खोल खाच पडली. मी परातीतले बोल्ट पुसत होते. मान वर करायची नाही असं ठरवून पुसत राहिले. मग ते म्हणाले, “इकडे ये. जरा धर तर.”

मी स्क्रॅपर धरला. ते माझ्या मागे उभे राहिले आणि बोलत गेले. मनगटाने नाही, कमरेने ढकल. आखूड घे. डागाच्या बाहेर जाऊ नको. लोखंड ऐकतं, दाबायची गरज नाही. पहिला दिवस नुसता खराब गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या कमरेत उसण भरली. पण पुढे काहीतरी झालं. डागाचा आकार बघितला की किती घ्यायचं ते हाताला कळू लागलं. निळ्यातही फरक असतो. डागाच्या मध्ये चकाकी दिसली तर तिथे सगळ्यात जास्त उंच, नुसता निळा असेल तर कमी. हे त्यांनी एकदा सांगितलं आणि पुन्हा सांगावं लागलं नाही.

माझं माहेर येवल्याचं. घरात पैठणीचे माग होते. मागावर वडील आणि दोघे भाऊ. आई आणि मी रेशीम गुंडाळून कांड्या भरायचो, तुटलेले धागे जोडून द्यायचो. तुटलेलं रेशीम डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतं, ते मला लहानपणीच येत होतं. एकदा मी वडिलांना म्हणाले होते, मला मागावर बसवा. ते रागावले नाहीत, हसले. म्हणाले, तुला ज्या घरी जायचं तिथे माग नसेल. आता येवल्यात बायका मागावर बसतात, त्यांचे फोटो छापून येतात. बघून बरं वाटतं, असं मी सगळ्यांना सांगते.

तर ते बोट इतक्या वर्षांनी कामाला आलं. सॅडल उचलताना आम्ही दोघं दोन बाजूंना. “उचल,” ते म्हणत, आणि आम्ही एकदम उचलायचो, एकदम उलटी करायचो. रोज दुपारी, ऊन असेपर्यंत. डाग फुटत गेले. सणाच्या दिवशीही मी स्वयंपाक भराभर उरकून खाली जाई. शिंदेबाई म्हणाल्या, तुम्हाला आता लेथचंच वेड लागलंय की. लागलं होतं. एका दुपारी सॅडल उलटी केली आणि सगळीभर ठिपके दिसले, कांजण्या उठाव्यात तसे, सारखे. हे वाकले. चष्मा वर सरकवला. डावा हात, न कापणारा, त्यांनी त्यावरून फिरवला आणि म्हणाले, “बरं झालंय.” आयुष्यात माझ्या कुठल्या कामाला त्यांनी बरं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. भाजी चांगली झाली तर ते दुसऱ्यांदा वाढून घेत, तेवढंच.

घरच्या विजेवर चालेल अशी मोटर बसवली. संक्रांतीच्या आधी लेथ सुरू झालं. मी नारळ फोडला. लोखंडाचा एक गोल तुकडा त्यांनी चकमध्ये बांधला आणि टूल लावलं. पांढरा, कुरळा, लांब कीस निघाला आणि खाली पडून वळवळत राहिला. तो गरम असतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. मग तो तुकडा दोन्ही टोकांना मायक्रोमीटरने मोजायचा होता. त्यांच्या हातात मायक्रोमीटर ठरेना. मी मोजलं. दोन्हीकडे सारखं, म्हणजे टूल सरळ चाललं होतं. त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं, मी पुन्हा मोजलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून बाहेर जाऊन जिलेबी आणली.

तिळगुळाच्या रविवारी त्यांनी कंपनीतल्या जुन्या मित्रांना बोलावलं. तिघं-चौघं आले. त्यांतले जाधव म्हणजे ह्यांचे फोरमन, सगळे त्यांना जाधवसाहेब म्हणत. कंपनीत त्यांच्या तोंडून कौतुक निघालं तर लोक महिनाभर सांगत, असा त्यांचा दरारा. मी पोहे करून, चहा घेऊन खाली आले तेव्हा सॅडल बाजूला सरकवून जाधवसाहेब बेडकडे आणि मग सॅडलच्या खालच्या कडेकडे टॉर्च मारून बघत होते. हँडल फिरवत होते. बोटाने चाचपत होते. मी ट्रे घेऊन जिन्याच्या तोंडाशी थांबले.

जाधवसाहेब सरळ झाले आणि म्हणाले, “मधुकर, हात अजून तसाच आहे रे तुझा.”

ह्यांनी उजवा हात पँटच्या खिशात घातला होता. ते हसले. म्हणाले, “हाताला काय होतंय.” मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. “ही होती ना मदतीला. चहा-बिहा सतत चालू.”

सगळे माझ्याकडे बघून हसले. जाधवसाहेब म्हणाले, वहिनी, तुमची कमाल आहे, असला पसारा घरात चालवून घेतलात. मी पोहे दिले. तिळगूळ दिला. सगळ्यांना गोड बोला म्हणाले.

ते गेल्यावर मी कपबशा विसळल्या, ओटा पुसला, मग बाहेर आले. हे टीव्हीसमोर होते. मी विचारलं, “तुम्ही सांगितलं का नाही?”

“काय?”

“सॅडल मी घासली म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडले नव्हते. खरोखर समजावून सांगावं तशा आवाजात म्हणाले, “घासलीस तू. पण सांगत मी होतो. मी नसतो तर तुला काय कळलं असतं? हात कोणाचाही असतो गं.”

याचं पूर्ण उत्तर मला आजही सुचलेलं नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. सांगत तेच होते. त्यांच्याशिवाय मला स्क्रॅपर कोणत्या बाजूने धरायचा तेही कळलं नसतं. पण हात कोणाचाही असतो हे ज्या माणसाने आयुष्यभर हातावरच भाकरी खाल्ली त्याने म्हणावं? त्यांचा हात होता तोवर तो मधुकरचा हात होता. जाधवसाहेब नाव घेऊन म्हणाले ना. माझा झाला तेव्हा तो कोणाचाही झाला.

मला हेही कळत होतं की माझं नाव सांगायचं तर आधी त्यांना आपला हात कापतो हे सांगावं लागलं असतं. त्या माणसांसमोर. ते अवघड होतं. इतकं अवघड होतं की मी ते प्रकरण तिथेच सोडलं असतं. मी सोडणारी बाई आहे. सोडलंही होतं.

पण पुढच्या आठवड्यात जाधवसाहेबांचा फोन आला. त्यांच्या भाच्याचा अंबडला छोटा कारखाना होता, तिथल्या आमच्यासारख्याच एका लेथची सॅडल तशीच झिजली होती. असलं हाताचं काम करणारा माणूस आता मिळत नाही, मधुकर, तूच करून दे. हे हो म्हणाले. फोनवर त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता, भरलेला. दोन माणसं सॅडल आणून पार्किंगमध्ये ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ह्यांनी बेडला निळं लावून ठेवलं, स्क्रॅपरला धार दिली आणि मला हाक मारली, “चल, बसूया.”

मी खाली गेले. ऊन आलं होतं. सगळं तसंच होतं, डबे, परात, तेलाचा वास. मला ते काम करायचं होतं. किती करायचं होतं ते मी कोणाला सांगू शकत नाही. हाताला अक्षरशः खाज होती. मी म्हणाले, “करते. पण पोचवायला मी तुमच्याबरोबर येणार, आणि जाधवसाहेबांना सांगणार की मी केलंय.”

ते म्हणाले, कशाला? मी म्हणाले, सहज. ते म्हणाले, लोक काय म्हणतील? मी म्हणाले, काय म्हणतील? ते स्क्रॅपरची धार अंगठ्याने बघत राहिले. मग म्हणाले, “राहू दे.”

संध्याकाळी त्यांनी फोन करून सांगितलं की दुसऱ्यांची कामं मी घेत नाही, सॅडल घेऊन जा. ती माणसं पुन्हा आली, घेऊन गेली. आमच्या लेथवर त्यांनी ताडपत्री टाकली आणि दोरीने बांधली. मला वाटलं, राग आहे, चार दिवसांनी जाईल. मी एकदा ताडपत्री सोडून तेल फिरवलं, तर वरून हे म्हणाले, हात लावू नको त्याला. ओरडून नाही, साधंच.

मग ते बोलायचे थांबले. ते भांडले असते, ओरडले असते, तरी परवडलं असतं. पण मांजराची गोष्ट सांगणारा माणूस परत आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. टीव्ही पुन्हा मुका सुरू झाला.

शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते म्हणतात. त्या वर्षी ती गेली आणि होळीच्या आधी लेथही गेलं. चांदवडचा गोरख नावाचा एक माणूस, हायवेला त्याचं ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्तीचं गॅरेज, तो बघायला आला. ह्यांनी त्याला सगळं दाखवलं. सॅडल सरकवून दाखवली. तो हरखून म्हणाला, काका, तुम्ही केलंय का हे? हे म्हणाले, हो. मी तिथेच उभी होते. मी काही बोलले नाही, कारण आता बोलून लेथ राहणार नव्हतं, आणि परक्या माणसासमोर नवऱ्याचं हसं करायचं हे माझ्या अंगात नाही. आता वाटतं, अंगात असतं तर काय बिघडलं असतं? टेम्पोत चढवताना त्या लोकांनी साखळी नेमकी सॅडलवरून घातली. हे ओरडले, तिथून नको, कड जाईल. तेवढी काळजी त्यांना होती. कामाची होती.

वैशालीला मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूची. ती म्हणाली, आई, बाबांकडे तेवढंच उरलं होतं गं, समजून घे. मी म्हटलं, बरं. समजून घेणं मला कधीच जड गेलं नाही. कांड्या भरल्या तेव्हा घेतलं, युनिफॉर्म धुतले तेव्हा घेतलं. समजून घेणाऱ्या बाईला कोणी काही द्यायचं नसतं, तिला समजतं म्हणून. माझ्याकडे तरी तेवढं सोडून काय होतं, हे तिने विचारलं नाही. तिला सुचलंच नसेल. ती वाईट मुलगी नाही.

आता ह्यांचे दोन्ही हात कापतात. पाय जड झालेत, आवाज खोल गेलाय, अर्धी वाक्यं ओठांतच राहतात. मी त्यांना भरवते, आंघोळ घालते, दाढी करून देते. दाढी करताना माझा हात अजून स्थिर असतो. नातेवाईक येतात, म्हणतात, किती करता हो तुम्ही. याचं कौतुक सगळ्यांना दिसतं. हे काम माझं आहे यावर कोणाचा वाद नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी खूप गारठा होता. मी त्यांना उठवून पलंगावर बसवलं होतं, स्वेटर चढवत होते. त्यांच्या फोनची घंटा वाजली. मीच घेते आता. चांदवडहून गोरख बोलत होता. आवाज ओळखला नाही, नाव सांगितल्यावर ओळखलं. त्याने काकांची तब्येत विचारली, बरी आहे असं मी सांगितलं. मग म्हणाला, “काकू, तुमचं मशीन लय भारी चालतंय. इतकी वर्षं झाली, पण सॅडल जराबी ढिली झाली नाय. आता मी अजून एक जुनं घेतलंय. त्याचीबी तशीच घासून पाहिजे. काकांना जमंल का?”

मी स्वेटरची बाही सोडली. ह्यांच्याकडे पाहिलं. ते ऐकत होते. गोरखचा आवाज मोठा आहे, बाहेरपर्यंत येतो. मी म्हणाले, “गोरखभाऊ, ती सॅडल मी घासली होती. काकांनी शिकवलं, पण हात माझा होता. दुसरीपण मी घासून देईन. घेऊन या.”

तो हसला. वाईट हसला नाही, मोठ्या माणसाने गंमत केली की आपण हसतो तसं. म्हणाला, “तुम्ही लय केलं असंल काकू, नाय म्हणत नाय. पण काम बारीक हाय ते. काकांना द्या ना जरा फोन.”

मी फोन ह्यांच्या कानाशी धरला. ज्या माणसाला चमचा धरता येत नाही त्याने आता खरं सांगायला काय हरकत होती? घरात जाधवसाहेब नव्हते, मित्र नव्हते, लपवायला हातही उरला नव्हता. एक शब्द पुरला असता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलायला वेळ लागला. गोरख हॅलो हॅलो करत होता.

“बरं वाटलं...” ते म्हणाले, आणि दम घेतला. “बरं वाटलं की करू.”

“सावकाश काका,” गोरख म्हणाला, “घाई नाय.”

ते समोर भिंतीकडे बघत होते. चेहऱ्यावर जरा तरतरी आली होती, मी खोटं कशाला सांगू. मी फोन घेतला, घरी सगळ्यांना विचारलं म्हणून सांगा म्हणाले, आणि बंद केला. मग त्यांचा उरलेला हात बाहीत घातला आणि गळ्यापासून खाली, एकेक करून, स्वेटरची बटणं लावली.